हा नंबर कुणाचा?

गोखिवऱ्यातल्या गाळ्यांमध्ये राबणारी माणसं विमानाचं तिकीट स्वतः क्वचितच काढतात. रेंज नाक्यापासून सातिवली, वालीवपर्यंत कारखान्यांचा जो पट्टा पसरला आहे, तिथे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली मुलं-माणसं प्लास्टिकच्या साच्यांवर, लेथवर, पॅकिंगच्या टेबलांपाशी दिवस दिवस उभी असतात. मोबाइलचं रिचार्ज, गावी पैसे पाठवणं, आधारची झेरॉक्स आणि तिकीट ही त्यांची सगळी कामं नाक्यावरच्या एकाच दुकानात होतात. दुकानदार नाव विचारतो, तारीख विचारतो, रोख पैसे मोजून घेतो आणि फोन नंबरच्या रकान्यात स्वतःचा नंबर टाकतो. त्यात लबाडी असतेच असं नाही. गिऱ्हाइकाचं सिम सारखं बदलतं, ओटीपी आपल्याच फोनवर आलेला बरा, तिकीट रद्द झालं तर परतावा आपल्यामार्फत जावा, असा त्याचा सरळ हिशेब असतो. प्रवाशाच्या हातात छापील कागद पडतो आणि त्यावर सुटण्याची वेळ असते. पुढे ती वेळ बदलली, तर कंपनीचा संदेश येतो दुकानदाराच्या फोनवर. तेव्हा तो बहुधा दुकान बंद करून झोपलेला असतो.

मी मुंबई विमानतळावर एका विमान कंपनीत काम करते. आधी चेक-इन काउंटरवर होते, मग गेटवर, आणि आता स्टेशन कंट्रोलला. विमान आत्ता कुठे आहे, कधी पोचेल, कोणत्या बेवर लागेल, क्रू कुठे अडकला आहे आणि प्रवाशांना काय सांगायचं, हे सगळं या खोलीत ठरतं. राहते मात्र गोखिवऱ्यात. त्यामुळे संदेश जिथून निघतो ती खोलीही मी रोज पाहते आणि तो जिथे पोचायला हवा ती गल्लीही. मधल्या वाटेवर तो कुठे हरवतो, याचा शोध माझ्या नोकरीला जोडूनच चालू राहिला.

बोर्डावर 18:40 दिसलं की वाटतं, ही वेळ कंपनीने मनाला येईल तशी ठरवली. प्रत्यक्षात ती फार जणांच्या संमतीने उभी असते. वर्षाला दोन वेळापत्रकं असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी सुरू होतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. हे रविवार युरोपात घड्याळं पुढे-मागे करण्याचे. आपल्याकडे घड्याळाला कुणी हात लावत नाही, पण आपलं वेळापत्रक त्याच दिवशी पालटतं. त्याच्या कितीतरी महिने आधी स्लॉटची बोलणी सुरू झालेली असतात, म्हणजे कुठल्या विमानतळावर कुठल्या मिनिटाला उतरायचं आणि उडायचं याची परवानगी. मुंबईत ही परवानगी मिळणं सर्वांत कठीण. इथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तरीही नोव्हेंबर 2023 मध्ये एका दिवसात इथे 1,032 विमानांची ये-जा झाली. गर्दीच्या तासाला 46 विमानं हाताळली जात होती. आकाशात घिरट्या घालत थांबण्याचा वेळ फार वाढला, तेव्हा 2024 च्या सुरुवातीला केंद्र सरकारने हा आकडा 44 वर आणायला लावला. दोनच विमानं कमी झाली असं वाचणाऱ्याला वाटेल. कंट्रोलच्या खोलीत मात्र त्या दोनांमुळे आठवडाभराची जुळवाजुळव नव्याने करावी लागली.

एकच विमान दिवसभरात चार-सहा फेऱ्या करतं. सकाळी गोव्याला जाऊन येतं, दुपारी दरभंग्याला, संध्याकाळी आणखी कुठे. दोन फेऱ्यांच्या मध्ये त्याला अर्धा-पाऊण तास मिळतो. तेवढ्यात प्रवासी उतरवायचे, सफाई, इंधन, सामान आणि नवे प्रवासी. सकाळी कुठेतरी चाळीस मिनिटं गेली की ती संध्याकाळपर्यंत भरून निघत नाहीत. प्रत्येक उशिराला आम्ही दोन आकडी कोड लावतो. 41 म्हणजे विमानातला बिघाड, 71 निघण्याच्या ठिकाणचं हवामान, 72 पोचण्याच्या ठिकाणचं. आणि 93 म्हणजे विमानच मागच्या फेरीहून उशिरा आलं. माझ्या पाहण्यात 93 इतका दुसरा कुठलाच कोड येत नाही. गेटवरचा प्रवासी काचेतून निरभ्र आकाश पाहतो आणि विचारतो, ‘‘ताई, पाऊस नाही, काही नाही, मग उशीर कसला?’’ त्याला 93 हा आकडा सांगून काय उपयोग! मी त्याला सांगते, ‘‘तुमचं विमान अजून गोव्याहून निघालेलं नाही. ते निघालं की मी स्वतः इथे येऊन सांगेन.’’ हे वाक्य ऐकल्यावर माणसं निवळतात, असं मी गेटवर असताना वारंवार पाहिलं. उशीर माणूस सोसतो. आपण कुणाच्या लक्षातच नाही ही भावना त्याला सोसवत नाही.

रात्री बारानंतरच्या विमानांची अडचण निराळी आहे. तिकिटावर 15 तारीख, 00:10 अशी वेळ असते. म्हणजे 14 तारखेला रात्री जेवून घरातून निघायचं. पण कितीतरी कुटुंबं 15 च्या रात्री सामानासकट टर्मिनलवर हजर होतात, आणि त्यांचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. यात शिकलेली माणसंही असतात. आपल्या घरांत दिवस सूर्योदयाला बदलतो. पंचांगातली तिथी सूर्योदयाची धरतात, आणि रात्री एकपर्यंत जागलेला माणूस तो सगळा वेळ ‘आज’च समजतो. शिवाय आमचा कारभार चालतो झुलू टाइमवर, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेवर. आपल्यापेक्षा ती साडेपाच तास मागे. 15 तारखेच्या 00:10 चं हे विमान आमच्या आपसातल्या संदेशांत 14 तारखेचं 18:40 असं लिहिलं जातं. म्हणजे आम्ही आमच्या खोलीत ज्या तारखेने त्या विमानाला ओळखतो, त्याच तारखेला प्रवाशाने घर सोडायचं असतं, आणि त्याच्या कागदावर मात्र दुसरी तारीख असते. मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते, बारा ते तीनमधलं तिकीट असेल तर कागदावर पेनाने लिहून ठेवा, ‘अमुक वारी रात्री जेवून निघणे’. तारखेपेक्षा वार लिहिलेला बरा.

आता प्रवाशाच्या माहितीकडे येते. पीएनआर म्हणून जी सहा अक्षरं-आकड्यांची खूण तिकिटावर असते, तिच्यामागे माणसाची एक नोंद उघडते. त्यात त्याचं नाव, प्रवासाचे टप्पे, पैसे कसे भरले, तिकीट कुठल्या एजंटाने काढलं, आसन कोणतं, सोबत कोण आहे, हे सारं असतं. जेवण जैन हवं असेल तर त्याचा चार अक्षरी कोड असतो. चाकाच्या खुर्चीचे तर तीन कोड आहेत : जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, जिनाही चढता येत नाही, आणि आसनापर्यंत उचलून न्यावं लागतं. एकट्याने प्रवास करणाऱ्या मुलाचा कोड वेगळा. उड्डाणाच्या आधी या सगळ्यांची यादी चेक-इनच्या यंत्रणेत उतरते आणि शेवटच्या क्षणापर्यंत तिच्यात भर-वजाबाकीचे संदेश येत राहतात. ही व्यवस्था मला अजूनही थक्क करते. एका आजीच्या गुडघ्याची नोंद मुंबईत होते आणि ती उतरायच्या आधी नागपूरला खुर्ची दाराशी उभी असते. कामात मन रमतं ते अशा गोष्टींमुळे.

नावाचा रकाना मात्र आपल्याला पहिल्यापासून अडवतो. ही पद्धत बेतली गेली ती आडनाव आणि नाव एवढंच धरून. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि मग आडनाव. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, काही घरांत नावही बदलतं, आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचाच राहतो. बिहारकडच्या कितीतरी माणसांच्या पासपोर्टवर आडनाव नसतंच. नोव्हेंबर 2022 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने एकाच नावाच्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसाने येणाऱ्यांना मज्जाव केला, तेव्हा काउंटरवर माणसं रडताना मी पाहिली आहेत. पत्नीला भेटायला निघालेला माणूस, पासपोर्ट खरा, तिकीट खरं, आणि कमी काय, तर आईबापांनी कधी न लावलेलं आडनाव. काउंटरवरच्या मुलीच्या हातात त्यावर काहीच उपाय नव्हता.

नाव निदान तपासलं तरी जातं. विमानतळाच्या दारावर सीआयएसएफचा जवान पाहतो, काउंटरवर पाहतात, गेटवर पाहतात. फोन नंबर कुणीच तपासत नाही. तो प्रवाशाचा आहे की दुकानदाराचा, हे त्या नोंदीला कळत नाही. आणि अडचणीच्या वेळी सगळी भिस्त त्याच रकान्यावर असते.

थंडीतली एक रात्र सांगते. उत्तर बिहारवर धुकं साचलं होतं. दरभंग्याचा विमानतळ मूळचा हवाई दलाचा. नोव्हेंबर 2020 मध्ये तिथून प्रवासी विमानं सुरू झाली, आणि मिथिलेतल्या लोकांना दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासाऐवजी अडीच-पावणेतीन तासांत घर दिसू लागलं. पण डिसेंबर-जानेवारीत धुकं आलं की दिवसचे दिवस तिथे विमान उतरत नाही. त्या संध्याकाळी उद्याचं उड्डाण रद्द करायचं ठरलं, संदेश गेले, आणि पडद्यावर यादीतल्या जवळजवळ सगळ्या नावांपुढे ‘डिलिव्हर्ड’ उमटलं. पहाटे खालून फोन आला : रद्द झालेल्या विमानाचा एक प्रवासी तिकीट खिडकीशी बसून आहे, त्याला काही कळत नाहीये. मी खाली गेले. पंचविशीचा मुलगा, पाठीवर बॅग, हातात दोरीने बांधलेलं ब्लँकेटचं खोकं. कुठून आलात म्हटल्यावर म्हणाला, ‘‘वसई, गोखिवरे.’’ सकाळची लोकल चुकली तर, या धास्तीने तो रात्रीच्या गाडीनेच आला होता. अंधेरीहून रिक्षा परवडत नव्हती, म्हणून चालत.

मी नोंद उघडली. त्याच्या नावापुढेही ‘डिलिव्हर्ड’ होतं. त्याचा फोन पाहिला, संदेश नव्हता. नोंदीतला नंबर लावला. झोपेतल्या आवाजात उत्तर आलं, हो, आला होता मेसेज, सकाळी सांगणारच होतो. मी त्या मुलाला दुसऱ्या दिवशीच्या पाटण्याच्या विमानात जागा करून दिली. पाटण्याहून पुढे बस कुठून मिळते ते विचारून कागदावर लिहून दिलं. त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, घरी एक फोन. त्याच्याकडे बॅलन्स नव्हता, आणि त्याचा भाऊ गावाहून भाड्याची गाडी करून दरभंग्याच्या विमानतळावर यायला निघणार होता. तो निघायच्या आत त्याला थांबवायचं होतं. आमच्या यादीत त्या भावाला कुठेच जागा नाही. उशिराची बातमी जितकी प्रवाशाची, तितकीच त्याला आणायला निघालेल्या माणसाचीही असते, हे त्या पहाटे मला पहिल्यांदा नीट समजलं.

नियम काय म्हणतो, तेही सांगायला हवं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे उड्डाण रद्द होणार असेल तर कंपनीने किमान दोन आठवडे आधी कळवून दुसरी सोय किंवा परतावा द्यायचा. नियमाप्रमाणे कळवलं नाही आणि प्रवाशाला मान्य होईल अशी दुसरी सोयही केली नाही, तर भरपाईचा प्रश्न येतो, आणि ती प्रवासाच्या वेळेनुसार पाच, साडेसात किंवा दहा हजार रुपयांपर्यंत असते. धुक्यासारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना ती लागू नाही. इथवर ठीक. पण त्याच नियमात पुढे एक ओळ आहे : तिकीट काढताना पुरेशी संपर्काची माहिती न देणाऱ्या प्रवाशाला भरपाई मिळणार नाही. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर ती रास्त वाटते. ज्याचा पत्ताच नाही त्याला कळवायचं कसं? गोखिवऱ्यातून पाहिलं तर ती ओळ त्याच माणसाचा हक्क काढून घेते, ज्याला तो रकाना भरताना कुणी विचारलंच नव्हतं.

शेजारी दुसरा एक नियम ठेवून पाहावा. ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने पीएनआरच्या माहितीविषयी नियमावली काढली. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या प्रवाशांची नोंद कंपन्यांनी सुटण्याच्या 24 तास आधी सीमाशुल्क विभागाकडे पाठवायची, आणि ती तिथे पाच वर्षं ठेवता येते. तस्करी, गुन्हे रोखायला हे लागतं, आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण यंत्रणेला एखाद्या माणसाबद्दल 24 तास आधी इतकं कळू शकतं, तर त्या माणसाला त्याच्याच विमानाबद्दल सहा तास आधी कळलंच पाहिजे, हा आग्रह तितक्याच जोराने का धरला जात नाही? हा प्रश्न मी आमच्या बैठकांमध्ये विचारत आले आहे आणि विचारत राहणार आहे.

19 जुलै 2024, शुक्रवार. सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास पडदे निळे झाले. एका संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरची यंत्रं बसली होती. आमचं चेक-इन थांबलं. देशभर अनेक ठिकाणी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, आम्हीही दिले. नाव, उड्डाण, तारीख, आसन आणि खाली सही. छापून ठेवलेल्या याद्यांवर पट्टी धरून एकेक नाव खोडत गेलो. एरवी आमच्या टर्मिनलवर घोषणा होत नाहीत, प्रवाशाने पडदा पाहायचा किंवा फोन. त्या दिवशी आम्ही रांगेत शिरून मराठीत, हिंदीत, जमेल तशा गुजरातीत ओरडून सांगत होतो : पाटणा इकडे, इंदूर तिकडे, वाराणसीवाले थांबा, तुमचं विमान जाणार नाहीये तुम्हाला सोडून. उशीर प्रचंड झाला. तरी माझ्या ओळीतला एकही माणूस न कळल्यामुळे मागे राहिला नाही, कारण प्रत्येकाला तोंडाने विचारावं लागत होतं. आपण कोण, कुठे निघालात, सोबत कोण आहे.

याउलट डिसेंबर 2025 चा पहिला आठवडा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आणि एका मोठ्या कंपनीकडचं अपुरं मनुष्यबळ यांत देशभरातली हजारो उड्डाणं रद्द झाली. यंत्रणा चालू होत्या, संदेश जात होते, आणि तरी माणसं सामानाच्या ढिगांत रात्र रात्र बसून होती. विश्रांतीच्या नियमाला दोष देणं मला पटत नाही. थकलेल्या वैमानिकाने विमान उडवू नये, हे कुणाही शहाण्याला मान्य व्हावं. गेलं होतं ते आधी सांगण्याचं भान.

संध्याकाळची शिफ्ट नसेल तेव्हा माझ्या दाराशी कुणी ना कुणी तिकिटाचा कागद घेऊन येतं. गाळ्यातली मुलं, आखातात मुलाकडे निघालेले काका, बाळंतपणाला लेकीकडे जाणारी मावशी. मी टर्मिनल तपासते, कारण एक आणि दोन यांच्यात गल्लत करून धावाधाव करणारे रोज दिसतात, आणि आता नवी मुंबईचा विमानतळही आहे, म्हणजे ‘मुंबईहून’ एवढं वाचून घर सोडणं धोक्याचं झालं. पासपोर्टशी नाव ताडून पाहते. बोर्डिंग पासचा फोटो स्टेटसला टाकू नका म्हणते, कारण पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर कुणीही तुमचं तिकीट उघडू शकतो. आणि शेवटी विचारते, हा नंबर कुणाचा? बहुतेकांना माहीतच नसतं की त्यावर एखादा नंबर आहे.

यावर उपाय अस्तित्वात आहे. जगभरच्या विमान कंपन्यांच्या संघटनेचा, म्हणजे आयाटाचा ठराव आहे : एजंटाने प्रवाशाला त्याचा स्वतःचा नंबर विचारायचा आणि नोंदीत वेगळ्या खुणेने टाकायचा, त्याने नाही म्हटलं तर नकाराचीही नोंद करायची. मोठ्या एजंटांकडे हे होतं. नाक्यावरचा दुकानदार मात्र कुणाच्या तरी पोर्टलवर उपएजंट म्हणून बसलेला असतो. त्याच्यापुढे नंबरचा एकच रकाना येतो, आणि ओटीपीही त्याच नंबरवर.

मी आमच्या नाक्यावरच्या दुकानदाराशी याबद्दल बोलले. तो वैतागला नाही. म्हणाला, ‘‘ताई, मी त्यांचा नंबर टाकला आणि ओटीपी त्यांच्या फोनवर गेला, तर तो माणूस तेव्हा मशीनवर असतो. फोन बाहेर लॉकरमध्ये. तिकीट निघायच्या आत भाडं वाढतं. मग ते पैसे कोण भरणार?’’ त्याचं खरं होतं. आम्ही बसून एक मार्ग काढला. तिकीट त्याच्या नंबरवर निघतं, आणि निघाल्यावर लगेच कंपनीच्या साइटवर जाऊन तो प्रवाशाचा नंबर जोडतो. सगळ्या कंपन्यांच्या साइटवर हे सारखं सोपं नाही, काही ठिकाणी कॉल सेंटरला फोन लावून बसावं लागतं, आणि छठच्या आधीच्या गर्दीत त्याला तेवढी सवड नसते. त्या दिवसांत तो एक वही ठेवतो : पीएनआर, नाव, गाळ्याचा नंबर, मुकादमाचा फोन. रद्द झाल्याचा संदेश आला तर रात्री किती वाजता उठून मुकादमाला फोन करायचा, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. मी म्हणते, कितीही वाजता. तो म्हणतो, बारापर्यंत.